पाऊण इंच कापूस

दस्तगीरचाचांनी जवारी लावणं सोडलं, ते मी शिवलेल्या एका गवसणीमुळे. ही गोष्ट आधी आम्हा तिघींनाच कळली, आणि त्या तिघींतल्या एकीला तोंडाने बोलता येत नाही.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी माझं शिलाईचं दुकान आहे. तंबोरे, सतारी, दिलरुबे यांना मी गवसण्या शिवते. गवसणी म्हणजे वाद्याचा अंगरखा: बाहेर जाड कापड, आत अस्तर, मधे पिंजलेला कापूस. माझी गवसणी घातलेला एक तंबोरा घाटात बसच्या टपावरून पडला आणि भोपळ्याला चरासुद्धा गेला नाही. हा किस्सा मी गिऱ्हाइकाला चहाच्या आधी सांगत असे. आता सांगत नाही.

समोरचं दुकान चाचांचं. वय बहात्तर, अंगात कायम लाकडाचा भुसा. तेव्हा मिरजेत बिनचालकाच्या रिक्षा नुकत्याच आल्या होत्या आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन म्हशीसारख्या अडून बसायच्या. तंबोऱ्याचा सूर तर खिशातला फोन देत होता. तरीही खरे गवई चाचांकडेच यायचे, ते जवारीसाठी. तंबोऱ्याची तार एका घोडीवरून जाते. त्या घोडीचा माथा कानशीने केस-केस घासून असा उतरता करायचा, की तार त्यावर नुसती टेकत नाही, गुणगुणते. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवून नेमकी जागा शोधायची. ती सापडली की एका तारेतून दहा ऐकू येतात. जवारी लागली म्हणतात ती हीच.

आणि लागली की नाही हे ठरवणार निदा.

निदा ही चाचांची नात, त्यांना दादा म्हणणारी, तेव्हा अकरा वर्षांची. जन्मताना श्वास अडकला होता, त्यामुळे हातपाय आखडलेले, मान धरवत नाही, चाकाच्या खुर्चीत पट्ट्याने बांधून बसवावी लागे. बोट उचलून एखाद्या चित्रावर ठेवणं तिला जमत नसे. तळवा मात्र सपाट टेकत असे. चाचा खुर्ची जवळ ओढत, तिचा डावा तळवा भोपळ्यावर ठेवत, उजवा तिच्या बोलक्या टॅबलेटच्या पाठीवर, आणि तार छेडत.

“लागली का गं?”

“नाही,” टॅबलेट म्हणे.

कानस. दोरा. “आता?”

“नाही.”

“आता तरी, माझे आई?”

“नाही. दादा, भूक.”

“ही माझी परीक्षक,” चाचा मला ओरडून सांगत. “फी घेत नाही, पण दयामाया पण नाही!”

मलाही ती सोडत नसे. एकदा दुपारी दुकानात माझा डोळा लागला होता. समोरून टॅबलेटचा आवाज आला, “काकू घोरते.” अख्खी गल्ली हसली. मी सुई दाखवून धमकी दिली, तर म्हणाली, “अजून घोर.”

त्या टॅबलेटची करामत काय होती तेही सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आपला अंगठा कानात घाला आणि मूठ आवळा. दूरवर ट्रक चालल्यासारखी घरघर ऐकू येईल. तो आपल्या स्नायूंचा आवाज. प्रत्येक स्नायू आखडताना थरथरतो, आणि मनात शब्द आला की तो बोलता येवो न येवो, अंगात बारीक हालचाल होतेच. निदासारख्या मुलांचे ओठ ऐकत नाहीत, पण तळव्यात ती थरथर उतरते. टॅबलेटच्या पाठीचा पत्रा ती थरथर टिपत असे. वर्षभर मुलाजवळ राहून तो शिकत जाई: ही थरथर म्हणजे पाणी, ही म्हणजे अम्मी, ही म्हणजे नाही. निदाची “नाही” त्याने सगळ्यात आधी शिकली होती. नवल नाही. पोरगी तीच जास्त म्हणायची.

गल्लीमागच्या विशेष मुलांच्या शाळेत एका योजनेतून असे एक्केचाळीस टॅबलेट आले होते. मुलं ती. हात झटकला की टॅबलेट फरशीवर. निदाचा पहिला असाच शहाबादीवर पडला आणि पहिल्याचं शिकलेलं भरून दुसरा यायला पाच महिने लागले. ते पाच महिने मी पाहिले आहेत. चाचा तिचा तळवा भोपळ्यावर ठेवून विचारत, “लागली?” आणि ती नुसती बघत राही. डोळ्यांतून पाणी यायचं, ते हो म्हणून की नाही म्हणून, कुणाला कळायचं नाही. दुसरा फुटला तर तिसरा तीन वर्षं नाही, असं कागदावर छापलेलं होतं.

म्हणून शाळेच्या माणगावे बाई माझ्याकडे आल्या. “सुलभाताई, तुम्ही भोपळा वाचवता. हे नाही वाचवणार?”

मी एक्केचाळीस गवसण्या शिवल्या. लाल खादी, आत अस्तर, पाठीला पाऊण इंच कापूस, चौकटीला पिवळ्या खणाची मगजी, म्हणजे कडेने दुमडलेली पट्टी. पहिली गवसणी चढवून मी स्वतः टॅबलेट शाळेच्या जिन्यावरून खाली फेकला. माणगावे बाईंनी डोळे मिटून घेतले. खालून टॅबलेट म्हणाला, “मी तयार आहे.” आम्ही दोघी लहान पोरींसारख्या टाळ्या पिटल्या.

पहिल्या दोन महिन्यांत एकही फुटला नाही. शाळेने मला शाल आणि नारळ दिला. भाषणात बाई म्हणाल्या, ताईंनी एक्केचाळीस आवाज जपले. मी ती शाल घालून गल्लीभर मिरवले. थंडी नव्हती तरी.

आणि मुलं शहाणी झाली.

तसंच म्हणत होते सगळे. आधी हट्टी, चिडकी असलेली पोरं “हो”, “चालेल”, “छान आहे” म्हणू लागली. पालक खूश. माणगावे बाईंनी माझ्या गवसणीला श्रेय दिलं. म्हणाल्या, “हाताला मऊ लागतं ना, म्हणून मन शांत राहतं.” मला ते पटलं. आपली स्तुती असली की विज्ञान लवकर पटतं.

निदाही बदलली. एका सकाळी मी केसांना मेंदी लावून बसले होते. एरवी तिने मला माकड तरी म्हटलंच असतं. टॅबलेट म्हणाला, “काकू मला आवडतात.”

मला मूलबाळ नाही. नवरा जाऊन चौदा वर्षं झाली. ते वाक्य मी घरी नेलं, आणि पोळ्या करतानासुद्धा ते माझ्याबरोबर होतं. आवडतात. आवडते नाही, आवडतात. मला वाटलं, मोठी झाली, मान द्यायला शिकली. ती मला कधी अहोजाहो करत नव्हती, हे तेव्हा मनात आलं नाही. किंवा आलं असेल आणि मी पोळी उलटली असेल.

त्याच हिवाळ्यात चाचांकडे तीन तंबोरे लागोपाठ परत आले.

पहिला परत आला तेव्हा चाचा हसले. “गवयाचा कान बिघडला असंल.” दुसऱ्याला हसले नाहीत. तिसरा धारवाडच्या एका बाईंचा होता. पंचवीस वर्षं त्या चाचांशिवाय कुणाला घोडीला हात लावू देत नसत. त्यांनी रागाने काही लिहिलं नव्हतं. नुसतं, “चाचा, तब्येत बरी आहे ना?” एवढंच. ते चाचांना जास्त लागलं.

त्या दिवशी मी त्यांच्या दुकानातच होते. त्यांनी तो तंबोरा मांडीवर घेतला, तार छेडली, मान तिरकी केली. पुन्हा छेडली.

“मला बोथट वाटतीया, सुलभा.”

“मग घासा की.”

“थांब. परीक्षक काय म्हणती बघू.” त्यांनी निदाचा डावा तळवा भोपळ्यावर ठेवला. उजवा टॅबलेटवर, माझ्या लाल खादीवर. “लागली का गं, बेटा?”

“छान आहे,” टॅबलेट म्हणाला.

निदाची मान जोरात एका बाजूला गेली. ती तशी जातच असे. मी पदराने तिची लाळ पुसली.

चाचांनी पुन्हा तार छेडली, पुन्हा विचारलं. “हो. खूप छान आहे.”

त्यांनी तंबोरा भिंतीला टेकवला. मग म्हणाले, “गेला.”

“काय गेलं?”

“कान. माझा कान म्हणतोय नाही. पोरगी म्हणतीया हो. आणि पोरगी कधी खोटं बोललेली नाही.” त्यांनी कानस फडक्यात गुंडाळली. “आधी पण मला असंच बोथट वाटलं होतं, हे तिन्ही पाठवले तेव्हा. ती छान म्हणाली म्हणून पाठवले.”

“अहो, पण परत आलेच ना ते! मग बरोबर कोण?”

मी हे विचारलं होतं. खरंच विचारलं होतं, म्हणून जास्त टोचतं. चाचा म्हणाले, “अगं, तिनं ऐकलं तेव्हा असंल चांगली. मी गाठ मारताना हात हलला असंल. हात पण गेला म्हणायचा.” दोष द्यायला त्यांच्याकडे स्वतःचा कान होता, हात होता, वय होतं. नातीपर्यंत ते पोचलेच नाहीत. आणि गवसणीपर्यंत पोचायचं काम माझं होतं. गवसणी घातलेल्या तंबोऱ्यावर हात ठेवून कुणी सूर तपासत नाही. अशा वाद्याची तार छेडली तर भोपळा मुका असतो, हे मला शिवण शिकायच्या आधीपासून माहीत आहे.

मी म्हटलं, “चाचा, चहा सांगू का?”

त्यानंतर त्यांनी काम घेतलं नाही. दुकान उघडत, झाडत, बसत. भुसा नाही म्हणून झाडायलाही काही नसे. निदाची खुर्ची समोर. “काय करायचं गं आता?” ते विचारत. “काळजी करू नका,” टॅबलेट म्हणे. फाल्गुनात एका दुपारी जेवून लवंडले, ते उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले हृदय. असेल.

चाचांचा चाळिसावा दिवस झाल्यावर शाहीन माझ्याकडे आली. शाहीन म्हणजे निदाची आई. नवरा पुण्यात कामाला, पंधरा दिवसांनी घरी. सासरा गेल्यापासून घरात ती आणि पोरगी. हातात मळलेली गवसणी होती.

“काकू, एवढी धुऊन द्याल? मला बाजारात जायचंय. निदा बसंल तुमच्याकडे तासभर.”

निदा माझ्या शिलाईयंत्राशेजारी, मांडीवर उघडा टॅबलेट. तिचा तळवा मी नेहमीसारखा त्याच्या पाठीवर टेकवला आणि गवसणी बादलीत टाकायला वळले.

“काकू.”

“काय गं?”

“नको. नको. नको.”

मी वळून पाहिलं. किती दिवसांनी ऐकत होते हा शब्द. “काय नको राणी? धुवायची नको? नवीन शिवू?”

“नको. दादाला सांग. नाही. लागली नाही.”

माझ्या हातातली गवसणी ओली झाली नव्हती. मी ती टॅबलेटला पुन्हा चढवली, तिचा तळवा ठेवला. विचारलं, “निदा, तंबोरा लागला होता का?”

“छान आहे.”

काढली. “लागला होता का?”

“नाही.”

चढवली. “हो. छान आहे.” काढली. “नाही. नाही. काकू नाही.” तिसऱ्यांदा चढवायला गेले, तर निदाचा आवाज फुटला. टॅबलेटचा नाही, तिचा स्वतःचा, घशातला, जो ती दुखल्याशिवाय कधी काढत नाही. मी गवसणीची मगजी दाताने उसवली आणि ती खाली टाकली. टॅबलेटच्या कोपऱ्यात बाजरीच्या दाण्याएवढा एक दिवा होता. आता तो हिरवा होता. बरोब्बर माझ्या सुबक मगजीखाली येणारा.

कंपनीच्या माणसाला फोन लावला. पोरगाच होता, नम्र होता. म्हणाला, “मॅडम, हिरवा म्हणजे मूल बोलतंय. पिवळा म्हणजे थरथर नीट येत नाही, मशीन अंदाजाने बोलतंय. पुस्तिकेत दिलंय.”

“अंदाज कुणाचा?”

“हजारो मुलांच्या नोंदी आहेत. अशा वेळी बहुतेक मुलं काय म्हणतात, ते.”

तो उदाहरणं देत गेला: दुपारी बाराला “भूक लागली.” अम्मी दिसली की “अम्मी.” पाहुणे आले की “छान.” त्या नोंदी दवाखान्यात घेतलेल्या, अनोळखी डॉक्टरांसमोर. तिथे कुठलं मूल नाही म्हणतं?

“मग गप्प का बसत नाही तुमचं मशीन? थरथर आली नाही तर मुकं राहावं!”

“आधी तसंच होतं, मॅडम. गप्प बसलं की पालक म्हणायचे बिघडलं. परत पाठवायचे.”

शाहीन परत आली तेव्हा भाजीची पिशवी तिच्या हातातच होती. मी सगळं सांगितलं. चढवून, काढून दाखवलं नाही. निदाला पुन्हा ते करणं माझ्याच्याने झालं नाही. शाहीनने नुसता उघडा टॅबलेट निदाच्या हाताखाली नीट केला आणि तंबोऱ्याचं विचारलं. निदा म्हणाली, “दादा बरोबर.”

शाहीन पिशवी खाली ठेवायची विसरली.

“म्हणजे अब्बांचा कान ठीक होता.”

“हो.”

“आणि ही बोंबलून नाही म्हणत होती. सहा महिने. आमच्या मांडीला मांडी लावून.”

“हो.”

“तुम्ही म्हणाला होता, पोरगी शहाणी झाली.” तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. “मी पण म्हणाले. तिला माझ्या बहिणीच्या लग्नाला न्यायचं नव्हतं म्हणून विचारलं, तू घरी राहशील ना? चालेल म्हणाली. किती बरं वाटलं मला, काकू. कुणी तरी घरात आपलं ऐकतंय असं वाटलं.”

निदाला घेऊन ती गेली. आठ दिवस समोरचं दार माझ्यासाठी उघडलं नाही.

त्या आठ दिवसांत शाळेत मुलांसकट पालकांची बैठक झाली. मी उभी राहून सांगितलं की गवसण्या काढा, दोष माझा. माणगावे बाई रडल्या. बऱ्याच जणांनी तिथल्या तिथे काढल्या, आणि वर्गात असा गोंगाट झाला की सांगता सोय नाही. नको, नाही, दुखतंय, जा, पंखा बंद, अम्मा, नाही, नाही. एका मुलाच्या बुटात कित्येक महिने खिळा टोचत होता.

पण चौगुले म्हणून एक गृहस्थ आहेत, सर्वेशचे वडील, ते गवसणी छातीशी धरून बसून राहिले.

“काकू, आमची राहू दे.”

“अहो, तो नाही बोलत त्यातून. मशीन बोलतंय.”

“माहीत आहे, आता ऐकलं ना मी.” ते खाली बघत होते. “रोज संध्याकाळी कामावरून घरी गेलो की हा म्हणतो, बाबा, दमलात का? त्याच्या तोंडून... म्हणजे त्याच्या हातून नसंल. पण घरात कुणीतरी विचारतंय.”

मला त्यांच्यावर ओरडता आलं नाही. काकू मला आवडतात. मी कुठल्या तोंडाने ओरडणार होते? माणगावे बाईंनी त्यांच्या शेजारी बसून हळूहळू, टाका उसवावा तशी, ती गवसणी त्यांच्या हातातून काढून घेतली.

नवव्या दिवशी शाहीनने मला हाक मारली. दुकानात गेले. तिने चाचांचं फडकं सोडून कानस काढून ठेवली होती. कोपऱ्यात धारवाडच्या बाईंचा तंबोरा उभा होता, माझीच गवसणी घातलेला. चाचा गेल्यापासून कुणी त्याला हात लावला नव्हता.

“काढा,” शाहीन म्हणाली. “तुम्हीच काढा.”

मी गाठी सोडल्या. शाहीनने निदाचा डावा तळवा भोपळ्यावर ठेवला, उजवा टॅबलेटच्या उघड्या पाठीवर. कोपऱ्यात हिरवा ठिपका. मी तार छेडली.

आम्हा दोघींना जवारीतलं ओ की ठो कळत नाही. शाहीनने पंधरा वर्षं सासऱ्याला चहा देताना जेवढं पाहिलं तेवढंच. तिने भीतभीत घोडीवर कानस फिरवली, दोरा सरकवला.

“लागली का, बेटा?”

“नाही.”

पुन्हा. “आता?”

“नाही.”

“आता?”

“नाही. अम्मी वाईट.”

शाहीन हसली आणि हसता हसता कानस खाली ठेवून रडायला लागली. मी तिच्या हातातून दोरा घेतला. दोरा मला कळतो. केसभर पुढे, केसभर मागे. ऊन उंबऱ्यावरून उतरून गटारापर्यंत गेलं. निदा नाही म्हणत राहिली. एकदाही थकली नाही. सहा महिन्यांची थकबाकी होती तिची.

त्या दिवशी जवारी लागली नाही. आजही लागलेली नाही. रोज दुपारी तास-दीड तास आम्ही बसतो. धारवाडच्या बाईंना मी खरं काय ते कळवलं. त्यांनी लिहिलं, वाट बघते. आता मी टॅबलेटला नुसते कोपरे शिवते, पाठ उघडी ठेवते, मगजी लावत नाही. या वर्षी सहा फुटले. सहा घरांत मुकेपणा आहे आणि त्या दाराशी माझी नजर वर होत नाही.

त्या मेंदीच्या सकाळची एक गोष्ट मात्र मी निदाला अजून विचारलेली नाही. परवा ती माझ्या दुकानात बसली होती, तळवा पत्र्यावर. मी मशीन थांबवलं. विचारायला तोंड उघडलं. तिने डोळे वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि मी सुईत दोरा ओवायला घेतला.

“काकू,” ती म्हणाली.

“काय गं?”

“दोरा आहे. सुईत.”

होताच.